माझी शाळा यादीत नाही

ऑगस्ट २०२३. रात्रीचे साडेदहा. मी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते आणि लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ‘कॉमन अ‍ॅप’ भरत होती. अमेरिकेतल्या हजारावर कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करता येतो, तो हा फॉर्म. सुरुवातीलाच विचारतात, तुमची शाळा शोधा. तिने देश टाकला, पुणे टाकलं. खाली यादी उघडली. तिच्यात बावधन-हिंजवडीकडच्या, आम्ही फक्त बसवर नाव वाचलेल्या शाळा होत्या. तिचं ज्युनिअर कॉलेज नव्हतं. स्पेलिंग बदलून पाहिलं, कंसातलं गाव काढून पाहिलं. नाहीच. शेवटी तळाशी एक ओळ होती, ‘मला माझी शाळा या यादीत दिसत नाही.’ तिने त्यावर क्लिक केलं आणि सहज म्हणाली, “आई, आपण यादीत नाही.”

तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र ते दुसऱ्या दिवशी दिवसभर टोचत राहिलं, त्याला कारण होतं. दहावीला तिला ९३ टक्क्यांच्या वर मार्क होते. सगळं पुणं ज्या कॉलेजच्या नावाने हळवं होतं, तिथली यादी तिच्या अलीकडे अर्ध्या टक्क्यावर बंद झाली. अर्धा टक्का! त्या पंधरवड्यात मी घरात कोणाशी धड बोलले नव्हते. मग घरापासून दोन किलोमीटरवरचं एक साधं, बरं कॉलेज घेतलं. एका तुकडीत ८० मुलं, त्यातली निम्मी क्लासमध्ये आणि उरलेली कँटीनमध्ये.

दुसरं कारण मुंबईत होतं. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, तिच्याच वयाचा. तो आयबीच्या, म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत. फी वर्षाला दहा लाखांच्या आसपास. पाचवीत त्याला तिथे घातलं, तेव्हा दादा म्हणाला होता, “तूही घाल, नंतर हळहळशील.” आम्ही घातलं नाही, कारण घालणं शक्यच नव्हतं. मी सहकारी बँकेत, नवऱ्याचा छोटा छपाईचा व्यवसाय. पण ‘शक्यच नव्हतं’ हे स्वतःला सांगणं आणि ते पटणं यांत अंतर असतं.

तर आता दोघंही मुलं एकाच वर्षी, साधारण सारख्याच कॉलेजांना अर्ज करणार होती. दोन्ही घरांत काय काय चाललंय ते मला दिसत होतं. एकेका घराचा अनुभव पुष्कळांकडे असतो, मला दोन्ही बाजू एकदम बघायला मिळाल्या, म्हणून हे लिहायला बसले.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकी क्रमांक ३ वर बोनाफाइड, लिव्हिंग सर्टिफिकेट वगैरे मिळतं. मी तिथे जाऊन म्हटलं, “ट्रान्स्क्रिप्ट हवंय.” हेडक्लार्क काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “ते युनिव्हर्सिटीत. गणेशखिंडीला.” मी म्हटलं, पदवीचं नाही, नववी ते बारावीचं. “नववी-दहावी आमच्याकडे कुठे होती?” बरोबरच होतं त्यांचं. अमेरिकेच्या दृष्टीने हायस्कूल म्हणजे सलग चार वर्षं. आपल्याकडे दहावीनंतर मूल शाळेतून उठून भलत्याच संस्थेत जातं आणि दोन वर्षांत तिथूनही निघतं. चार वर्षांचा हिशेब एका कागदावर देईल असं कोणीच नसतं.

मग मी शाळेत गेले. तिथे आणखी गंमत. नववीचं वर्ष २०२०-२१, म्हणजे करोनाचं. त्या वर्षी राज्याने नववी आणि अकरावीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातलं होतं. प्रगतिपुस्तकात मार्कांच्या जागी नुसतं ‘वर्गोन्नत’. हे इंग्रजीत कसं सांगायचं? ‘प्रमोटेड’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी काठावर ढकलली होती. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी दोन ओळींचं स्पष्टीकरण लेटरहेडवर दिलं आणि वर गोल शिक्का मारला. एवढ्या एका शिक्क्यासाठी माझ्या तीन अर्ध्या रजा गेल्या.

त्याच आठवड्यात दादाला फोन केला. “ट्रान्स्क्रिप्टचं काय केलंत?” दादा म्हणाला, “ते शाळा पाठवते. आम्ही काहीच केलं नाही.” त्याच्या आवाजात बढाई नव्हती. त्याला खरोखरच माहीत नव्हतं की हे काम असतं.

पुढचे तीन महिने तेच वाक्य ऐकत गेले. स्कूल रिपोर्ट? शाळा पाठवते. शिफारसपत्रं? शाळा बघते. कोणत्या कॉलेजात किती शक्यता आहे? शाळेकडे आधीच्या दहा वर्षांच्या मुलांचे आकडे आहेत. निबंध? एक मॅडम आहेत, त्या पाच वेळा वाचतात. चार माणसांचा एक अख्खा विभाग या एकाच कामाला. सप्टेंबरात अमेरिकन कॉलेजांचे प्रतिनिधी भारतात येतात, ते त्याच्या शाळेत येऊन गेले. मुलांना तासाला बसल्या जागी त्यांच्याशी बोलता आलं. आम्ही इंद्रायणीने मुंबईला जाऊन एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोनशे जणांत उभं राहून एकाला दोन प्रश्न विचारले. फुकट आणि सरळ सल्ला मिळाला तो मात्र ‘एज्युकेशनयूएसए’कडून, अमेरिकी सरकारचं मार्गदर्शन केंद्र आहे ते. त्यांच्या ऑनलाइन सत्रांनीच मला फॉर्मची भाषा शिकवली.

महाराष्ट्रात आपल्याला या गोष्टीची सवयच नाही. आयआयटीचं घ्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर तपासताना तुम्ही कोणत्या शाळेचे हे कोणी विचारत नाही. बारावीला ७५ टक्के, किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव, एवढं असलं की पुढे रँक बोलते. त्यामुळे आपल्याकडे कॉलेज हजेरीपुरतं आणि खरी शाळा म्हणजे क्लास. लातूर पॅटर्न गाजला तो सराव परीक्षांच्या जोरावर, शिफारसपत्रांच्या नव्हे. मार्कांच्या बाहेर मुलाबद्दल कोणीतरी काही लिहायचं असतं, आणि ते लिहिणाऱ्याने मुलाला ओळखायचं असतं, ही अपेक्षाच आपल्या कॉलेजांवर कधी पडलेली नाही. मग खिडकी ३ ला तरी ती कशी माहीत असणार?

‘स्कूल प्रोफाइल’ म्हणून एक दोन पानी कागद लागतो. बोर्ड कोणतं, मुलं किती, मार्क कसे देतात, गेल्या काही वर्षांत मुलं कुठे गेली. अर्ज वाचणारा आधी हा कागद बघतो आणि मग त्या चौकटीत मुलाला बसवतो. कारण ८१ टक्के म्हणजे चांगले की वाईट, हे त्याला त्याशिवाय कळणार कसं? भाच्याच्या शाळेचा प्रोफाइल गुळगुळीत कागदावर, रंगीत. आमच्या कॉलेजचा नव्हताच. उपप्राचार्या मॅडम भल्या. म्हणाल्या, “तुम्हीच मसुदा करून आणा, मी तपासते.” मग आम्ही तिघं बसलो. माहिती कॉलेजची, मांडणी लेकीची, छपाई नवऱ्याची. ‘गेल्या तीन वर्षांत परदेशी पदवी अभ्यासक्रमाला गेलेले विद्यार्थी’ या रकान्यात मॅडमनी विचार करून ० लिहिलं. लेक म्हणाली, तो रकानाच काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, “का? खरंच आहे ना ते?”

त्या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद पूर्वपरीक्षेबद्दल होता. आपली कॉलेजं प्रिलिमला हात आखडून मार्क देतात, मुलांनी घाबरून अभ्यास करावा म्हणून. लेकीला प्रिलिममध्ये ६८ टक्के पडले आणि तिच्या तुकडीत ती तिसरी होती. भाच्याच्या शाळेत उलट. तिथे अंतिम परीक्षेआधी शाळाच अंदाजी गुण कळवते, ते देताना ४५ पैकी ४१ की ४२ यावर पालक आणि शिक्षक चहा पीत चर्चा करतात. जानेवारीत कॉलेजांनी मध्यावधी मार्क मागितले, तेव्हा आमच्याकडे ६८ हाच आकडा होता. बारावी बोर्डाची परीक्षा सुरू होणार फेब्रुवारी २०२४ च्या २१ ला आणि अमेरिकन कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख १ मे. बोर्डाचा निकाल त्यानंतर, २१ मेला. म्हणजे ज्या मार्कांसाठी अख्खा महाराष्ट्र दोन वर्षं घरात पाहुणे येऊ देत नाही, ते मार्क निर्णय होईपर्यंत कोणी पाहणारच नव्हतं. सगळी भिस्त त्या ६८ वर आणि ते ६८ का वाईट नाहीत हे सांगणाऱ्या एका परिच्छेदावर.

शिफारसपत्रांची कथा मोठी आहे.

एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. एसी, काचेची टेबलं, भिंतीवर झेंडे. साडेचार लाखांचं पॅकेज. मी पत्रांबद्दल विचारलं. तो म्हणाला, “त्याची काळजी नको, पत्र आम्ही लिहितो, सर फक्त सही करतील.” बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, “म्हणजे खोटं ना?” मी म्हटलं, हो. आम्ही बसस्टॉपपर्यंत काही बोललो नाही. खरं सांगायचं तर साडेचार लाख असते, तर मी इतक्या ताठ मानेने हो म्हटलं असतं की नाही, मला ठाऊक नाही.

भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेलो. सर चांगले, पण आयुष्यात असं पत्र लिहिलेलं नाही. आठवड्याने त्यांनी एक कागद हातात दिला, “बघा, हे चालेल का?” चार ओळी. मुलगी सिन्सिअर, ओबिडियंट, पंक्चुअल आहे, तिचं नैतिक चारित्र्य उत्तम आहे, तिला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. आपल्याकडे हेच पत्र असतं, पिढ्यान् पिढ्या हेच. सरांचा दोष काही नाही. मी धीर करून म्हटलं, “सर, तिचा एखादा प्रसंग आठवतो का?” सर हसले. म्हणाले, “आठवतो कसा नाही? व्हर्नियरला, म्हणजे मोजायच्या पट्टीला, झिरो एरर आहे, ती शून्यालाच चुकतेय, म्हणून हिने अख्ख्या बॅचचं रीडिंग पुन्हा घ्यायला लावलं होतं. पोरं हिच्यावर चिडली होती. मीही चिडलो होतो. पण एरर होती.” आणि मग पंधरा मिनिटं बोलत राहिले. मी म्हटलं, “सर, हेच लिहा ना.” ते चकित झाले. “हे? हे तर तक्रार केल्यासारखं होईल.”

शेवटी त्यांनी काय लिहिलं, आम्हाला ठाऊक नाही. पत्र थेट अपलोड होतं आणि ते बघण्याचा हक्क तिने फॉर्मवरच सोडला होता. सरांच्या ईमेलचा पासवर्ड त्यांचा मुलगा ठेवतो, म्हणून अपलोडच्या दिवशी मुलगा दुकान बंद करून आला, एवढं कळलं.

त्या हिवाळ्यात रात्री झोप लागायची नाही. मी आकड्यांत वावरणारी बाई, म्हणून याबद्दलचे अभ्यास शोधून वाचायला लागले. एक फार जिव्हारी लागला. बॉस्टन आणि न्यू यॉर्कमधल्या प्रवेशपरीक्षेवाल्या नामांकित सरकारी शाळा, न्यू यॉर्कची स्टायव्हसंट वगैरे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थतज्ज्ञांनी कट-ऑफच्या किंचित वर राहिलेली आणि किंचित खाली राहिलेली मुलं घेतली. एका बाजूची नामांकित शाळेत गेली, दुसऱ्या बाजूची राहिली. पुढे बघितलं तर परीक्षेतल्या गुणांत, पुढच्या कॉलेजच्या दर्जात, जवळपास काही फरक नाही. हुशार मुलं हुशार होती म्हणून तिथे गेली होती, शाळेने त्यांना हुशार केलं नव्हतं. २०१४ ला छापून आलेला हा निबंध. माझा अर्धा टक्का मी त्या रात्री सोडून दिला. दीड वर्ष उराशी धरून बसले होते.

पण लगेच दुसरं वाचलं. जुलै २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला होता. अमेरिकेतलीच मुलं, प्रवेशपरीक्षेचे गुण सारखेच, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल आयव्ही लीग, म्हणजे तिथली आठ जुनी नामांकित विद्यापीठं, आणि तशीच आणखी चार, यांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. मुख्य कारणं तीन. आईबाप तिथलेच माजी विद्यार्थी असणं, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. या तिसऱ्यात शिफारसपत्रं येतात. खासगी शाळांच्या मुलांना तिथे वरचे शेरे मिळतात. हे वाचून मला व्हर्नियरवाले सर आठवले. त्यांची चार ओळींची पत्रं आजवर किती मुलांबरोबर गेली असतील?

इंग्लंडचं तर विचारूच नका. शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्ट या तिथल्या संस्थेने २०१८ मध्ये मोजलं होतं. तीन वर्षांत आठ शाळांनी मिळून ऑक्सफर्ड-केंब्रिजला १,३१० मुलं पाठवली आणि दुसऱ्या २,८९४ शाळा-कॉलेजांनी मिळून १,२२०.

ते दोन अमेरिकन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मला आधी वाटलं. तसे ते नाहीत. पहिल्यातली मुलं दोन्हीकडे सरकारी शाळांतलीच होती, कट-ऑफच्या इकडे आणि तिकडे. दुसऱ्यात शाळेने मुलाला काय शिकवलं याचा प्रश्नच नाही, शाळा मुलाबद्दल काय बोलू शकली याचा आहे. माझी लेक भाच्याइतकीच बोलकी. तिची शाळा मुकी होती. आम्ही तीन महिने त्या शाळेला बोलायला शिकवत होतो.

नामांकित शाळेची दुसरी बाजूही मी दादाच्या घरी पाहिली. भाच्याने ज्या कॉलेजला नोव्हेंबरात ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे घेतलंत तर तुमच्याकडेच येतो असं बांधून घेणारा अर्ज टाकला, त्याच कॉलेजला त्याच्या वर्गातल्या नऊ जणांनी टाकला. नऊही जणांकडे तीच पत्रं लिहिणारी माणसं, तोच गुळगुळीत कागद, नऊही जणांच्या नावावर एखादी स्वयंसेवी संस्था. एका भागातून आलेले अर्ज बहुतेक ठिकाणी एकच माणूस वाचतो, त्याच्यापुढे नऊ अर्ज एका गठ्ठ्यात. घेतली एक मुलगी. भाचा डिसेंबरात दोन दिवस जेवला नाही. वहिनी फोनवर म्हणाली, “ताई, तुमच्या लेकीची तुलना तरी कोणाशी होणार नाही.” तोवर मला ते कधी सुचलंच नव्हतं. एरवी असं वाक्य टोमण्यासारखं लागलं असतं, पण ती रडत होती.

लेकीचा निबंध ६५० शब्दांचा, विहिरींवर. आजोळ पुरंदर तालुक्यात. करोनात तिकडे अडकली तेव्हा आजोबांच्या सांगण्यावरून दोरीला सिमेंटचा गोळा बांधून तिने वाडीतल्या १४ विहिरींचं पाणी मोजायला सुरुवात केली आणि मग दोन वर्षं दर सुट्टीत मोजत राहिली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते हे तिला नंतर कळलं. तिच्या आकड्यांतून काही मोठा शोध लागला नाही. तीन विहिरी आतून जोडलेल्या असाव्यात एवढाच संशय, तोही आजोबांना आधीपासून होता. निबंध मी वाचला, व्याकरण सोडून बोट लावलं नाही. भाच्याचा निबंध जास्त देखणा होता, हेही सांगून टाकते.

कॉलेजकडून आर्थिक मदत हवी, तर पैशाचा फॉर्म वेगळा. सीएसएस प्रोफाइल. नवऱ्याच्या ऑफसेट मशीनची आजची किंमत किती? घर आज विकलं तर किती येतील? नवरा म्हणाला, “घर विकायचंय कुणाला?” अमेरिकेतल्या खासगी कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च तेव्हा ८५ हजार डॉलरांच्या घरात, म्हणजे सत्तर लाख रुपये. परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड करणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि आणखी थोडी. बाकी ठिकाणी तुम्ही मदत मागितली की तुमची रांग वेगळी, आणि ती लांब. दादाने मदतीच्या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलं. आम्ही ‘हो’ लिहिलं. या एका शब्दाने किती फरक पडला आणि शाळेने किती, हे मला आजही सुटं करता येत नाही. ज्या खिशातून दहा लाखांची फी गेली, त्याच खिशाने तो ‘नाही’ लिहिला.

मार्चअखेर निकाल. लेकीचे ११ अर्ज. सात नकार, त्यात सगळी मोठी नावं आली. दोन प्रतीक्षायाद्या, त्या पुढे सरकल्या नाहीत. दोन होकार, पैकी एका ठिकाणी पैसे नाहीत. राहिलं एक छोटं कॉलेज, मिडवेस्टमध्ये, मक्याच्या शेतांत, आपल्याकडे कोणी नाव ऐकलेलं नाही. त्यांनी एवढी मदत दिली की आमच्या वाट्याला वर्षाला साधारण साडेसहा लाख आले. प्रवेशाच्या पत्राखाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘विहिरींबद्दल अजून विचार करतो आहे.’

भाच्याला शेवटी एका नावाजलेल्या विद्यापीठात मिळालं. पूर्ण फी. लोक नाव ऐकून भुवया उंचावतात. लेकीच्या कॉलेजचं नाव ऐकून विचारतात, “म्हणजे नक्की कुठे?” बोर्डाचा निकाल आला तेव्हा तिला ८९ टक्के होते, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरेरे, नव्वद झाले असते तर.”

मे महिन्यात पेढे घेऊन कॉलेजात गेले. सरांनी पेढा घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “मग ते झिरो एररचं वाचलं का त्यांनी?”

जुलैत बँकेत असताना फोन आला. हेडक्लार्क काका. “मॅडम, ते तुमचं दोन पानी काय होतं, त्याची सॉफ्ट कॉपी आहे का? एक मुलगा आलाय, खिडकीवर उभा आहे. त्यालाही तेच ट्रान्स्क्रिप्ट का काय ते पाहिजे.” मी जेवणाच्या सुट्टीत फाइल पाठवली. दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

“मॅडम, यात परदेशी गेलेले विद्यार्थी, त्याच्यापुढे शून्य आहे. १ करू का?”

“करा,” म्हटलं.